चार ग्रॅम

कुंडईच्या पठारावर, शेड नंबर अडतीस.
दारात तीन ढीग, एकमेकांची ओळख नसलेले.
पहिला वेर्ण्याहून येतो: गोळ्यांच्या पाकिटांची कातरण,
चकचकीत, गोळी कधीच न बसलेले खळगे.
दुसरा होड्यांच्या कारखान्यातला, काचतंतूंचा भुगा,
जो अंगाला लागला की बायको रात्रभर लांब झोपते
असं दुल्बा सांगतो, आणि हसत नाही.
तिसरा काजूच्या टरफलांचा.
त्याच्या तेलाचा आम्ही डिंक करतो.

पिएदादच्या बोटांवर या तेलाची बत्तीस वर्षं आहेत.
रेशनच्या यंत्राला तिचा अंगठा सापडत नाही.
गरम फळीवर चुकून तळवा टेकला तिचा,
तर फक्त हात उमटला,
रेषा नाहीत.

चाळणी, कालवण, साचा, दाब.
एकशे साठ अंशांवर वीस मिनिटं.
सोळा फळ्या गेल्या.
काही फुगल्या, काही पापडासारख्या वाकल्या,
अकरावीने तर धूरच काढला, शेजारचा अगरबत्तीवाला
आमच्यावर वासाची तक्रार घेऊन आला.
मी सगळं वहीत लिहीत होते.
दुल्बा वही बघत नाही.
चिऱ्याच्या खाणीत उभी हयात गेली त्याची,
बोटाच्या पेराने ठोकतो, मान कलती करतो.
दगड आधी कानाने तासायचा, म्हणतो.
माझं यंत्र फळी मोडून जे सांगतं
ते त्याने न मोडता सांगितलेलं असतं.

सतरावी ठण्ण वाजली.

घासून पाहिली तर पोटात चंदेरी ठिपके,
आणि एका कोपऱ्यात कातरणीवरची अख्खी ओळ शाबूत:
मुदत, मार्च, पुढचं साल.
फोंड्याचा कंत्राटदार आला, फळी उलटीपालटी केली,
किती वर्षं टिकेल म्हणाला.
दुल्बाने त्या ओळीवर बोट ठेवलं.
'हांगा बरयलां मरे.'
कंत्राटदार परत आला नाही.

आला तो सोयरू, मडकईच्या खाजनातून.
मानशीची फळी कुजली होती, माटीचं लाकूड मिळेना,
मिळालं तर परवडेना.
दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी,
खारं पाणी दात नसून चावतं.
घेऊन जा, मी म्हटलं. आम्हालाही कळेल.

चवथीला बसवली, शिगम्याला काढली.
शिणाणे खरवडले, गोड्या पाण्याने धुतली,
भट्टीत सुकवली, वजन थांबेपर्यंत.
वाकली नव्हती. फुगली नव्हती.
दुल्बाने ठोकली, तोच आवाज.
नऊ किलोंच्या फळीतून गेले होते चार ग्रॅम.
नियमात बसतं.
नियमात याच्या कितीतरी पट बसतं.
अहवालात मी उत्तीर्ण लिहिलं,
आणि सही सोयरू समोर असतानाच केली.

तो केळीच्या पानात सुंगटं घेऊन आला होता,
मानशीच्या तोंडावर जाळ्यात सापडलेली,
आमच्या फळीला अंग घासून गेलेली.
सही सुकेपर्यंत गप्प बसला. मग:
'चार ग्रॅम गेले खंय?'

प्रश्न विज्ञानाचा होता.
उत्तराचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.
डिंक असेल, म्हटलं. काच असेल.
गोळ्यांचा एखादा चंदेरी कण असेल.
असेल, म्हणाला तो,
आणि नवी फळी मागितली नाही,
नको असंही म्हणाला नाही.

दुपारी पिएदाद नळाखाली सुंगटं सोलत बसली.
पाठीतला काळा दोरा ओढून काढते ती, नेहमीच.
आज एकेक दोरा उन्हात धरून बघत होती,
त्या रेषा नसलेल्या बोटांत.
चमकलं काही?
पाणी होतं. ऊन होतं. सगळंच चमकत होतं.

मी वहीचं नवं पान काढलं.
अठरा, असं लिहिलं.
काच वगळून. काथ्या घालून. कोरड्या भिंतीपुरती.
मग तेही खोडलं,
आणि दुल्बाला विचारलं,
न ठोकता काही ऐकू येतं का.